किशोरवयीन मुलांच्या स्टडीत पहिल्यांदाच काम करताय? मग आधी हे वाचा

बीएएमएस, बीएचएमएस, बीफार्म, नर्सिंग, एमएसडब्ल्यू असं काहीतरी करून क्लिनिकल रिसर्चमध्ये नव्याने आलेल्या आणि पहिलीच पोस्टिंग शाळेतल्या मुलामुलींच्या स्टडीवर लागलेल्या लोकांसाठी हे लिहितेय. मी स्वतः फील्डवर कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, पुण्याच्या आसपासची गावं, मराठवाड्यातल्या शाळा, आश्रमशाळा. ट्रेनिंगमध्ये स्लाइड्स दाखवतात, सर्टिफिकेट देतात, पण समोर तेरा वर्षांची मुलगी बाही वर करून बसलेली असते आणि तिचा हात थरथरत असतो तेव्हा काय करायचं ते कुणी सांगत नाही. ते सांगायचा प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डायबेटिस, बीपी, लठ्ठपणा, अ‍ॅनिमिया हे 'मोठ्या माणसांचे आजार' म्हणून आपण वाढलो, पण त्यांची पाळंमुळं खूप आधी रुजलेली असतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. 1993 मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली बाळं 3.5 किलोची, म्हणजे आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी मात्र वजनाच्या मानाने कमी झालेली नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. पुढे हीच मुलं सहा वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची झाली तेव्हा परत परत तपासली, आणि त्यातल्याच किशोरवयीन मुलामुलींना बी-12 देऊन त्यांच्या पुढच्या पिढीत काही फरक पडतो का हे बघणारी प्रिया नावाची ट्रायल सुरू झाली. म्हणजे तुम्ही आज शाळेच्या व्हरांड्यात बसून जो फॉर्म भरताय त्याचा उपयोग वीस वर्षांनी होऊ शकतो, आणि तो चुकीचा भरला तर नुकसानही तेवढंच लांब जातं.

कामाला लागायच्या आधी कागद मागा

जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात स्वतःहून तीन गोष्टी मागून घ्या: प्रोटोकॉल (स्टडी कशी करायची त्याचा लेखी आराखडा), एथिक्स कमिटीचं (स्टडीला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं) मंजुरीपत्र आणि मंजूर झालेलं मराठी संमतीपत्र. मराठी संमतीपत्रावर व्हर्जन नंबर आणि तारीख असते, ती मंजुरीपत्रातल्या तारखेशी जुळवून बघा. हे काम कुणीच करत नाही आणि मग ऑडिटला कळतं की दोनशे पालकांच्या सह्या जुन्या फॉर्मवर घेतल्यात. ट्रायल असेल, म्हणजे गोळी, लस, आहार, व्यायाम असं काहीतरी देऊन परिणाम बघायचा असेल, तर सीटीआरआय, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर विचारा. पहिल्या मुलाचं नाव घालायच्या आधी नोंदणी झालेली असली पाहिजे, नंतर केलेली 2018 पासून चालत नाही. आणि तो नंबर पालकांना सांगता आला पाहिजे, कारण ती माहिती कुणालाही ऑनलाइन बघता येते.

वयाचा घोळ इथेच समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षं म्हणजे किशोरवय म्हणते, पण कायद्याने सज्ञान 18 ला होतो. त्यामुळे अठरा पूर्ण झालेला मुलगा स्वतःची सही स्वतः करतो, त्याच्या वडिलांची सही लागत नाही, आणि जो सतराव्या वर्षी स्टडीत आला आणि मधेच अठराचा झाला त्याची संमती नव्याने घ्यावी लागते. रजिस्टरमध्ये जन्मतारखेसमोर 'अठरा कधी होणार' असा एक कॉलम मी कायम आखून ठेवायचे, तुम्हीही ठेवा.

मुख्याध्यापकांची सही म्हणजे संमती नाही

शाळेत शिरायला मुख्याध्यापकांची परवानगी लागते, शिक्षण खात्याचं पत्र लागतं, आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाचं. ते सगळं घ्याच. पण ती दार उघडायची परवानगी आहे, मुलाच्या अंगाला हात लावायची नाही. 2009-10 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस द्यायचा प्रकल्प झाला होता, त्यात आंध्रात हॉस्टेलच्या वॉर्डन आणि मुख्याध्यापकांनीच अनेक मुलींच्या वतीने सह्या केल्याचं समोर आलं. 2010 मध्ये प्रकल्प थांबला, प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. त्या काळात ज्या मुलींचे मृत्यू झाले त्यांचा लसीशी संबंध नव्हता असं चौकशीत निघालं, पण संमती नीट न घेतल्यामुळे एका चांगल्या लसीबद्दल लोकांच्या मनात वर्षानुवर्षं शंका राहिली. हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, कारण हॉस्टेलवर गेलं की वॉर्डन सर खरंच म्हणतात, 'अहो मॅडम मीच करतो ना सही, यांचे आईबाप कुठे येणारेत'. हात जोडून नाही म्हणायचं.

पालक खरंच नसतात हेही खरं आहे. बीडकडच्या गावात दिवाळीनंतर गेलात तर अर्धी घरं कुलूपबंद, आईवडील ऊसतोडीला, पोरं आजीकडे नाहीतर वसतिगृहात. आजी सांभाळते, पण कायद्याने पालक म्हणून तिची सही चालेल का हा प्रश्न फील्डवर उभं राहून सोडवायचा नसतो, तो एथिक्स कमिटीकडून आधीच लेखी उत्तर घेऊन ठेवायचा असतो. आणि जमत असेल तर कॅम्पची तारीखच बदला, टोळ्या परत आल्या की, म्हणजे साधारण एप्रिल-मेनंतर, शाळा जूनमध्ये उघडतात तेव्हा आईबाप घरात सापडतात.

वाचता न येणाऱ्या आईचा अंगठा घेताना एक त्रयस्थ साक्षीदार लागतो जो स्टडीच्या टीममधला नाही. तो सगळं समजावून सांगताना पहिल्यापासून तिथे बसलेला पाहिजे, शेवटी फक्त सहीला बोलावलेला शेजारी चालत नाही. संमतीपत्राची एक प्रत त्यांच्या हातात द्या, हे राहतंच राहतं.

मुलाचं 'हो' वेगळं घ्यायचं

पालकांनी सही केली म्हणजे झालं असं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइननुसार 7 ते 12 वयाच्या मुलाची तोंडी आणि 12 ते 18 वयाच्या मुलाची लेखी तयारी वेगळी घ्यायची असते, याला असेंट म्हणतात. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये, 2019 च्या नियमांनुसार, संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करावं लागतं, तुमच्या स्टडीला ते लागू आहे का हे इन्व्हेस्टिगेटरला, म्हणजे स्टडीच्या प्रमुख डॉक्टरांना, विचारून घ्या.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. सातवीच्या वर्गातली एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी सगळं समजावलं, 'करायचं ना?' विचारलं, तिने मान हलवली. पण मान हलवताना ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंकडे बघत होती. मी बाईंना म्हटलं, जरा पाणी मिळेल का. बाई गेल्या. परत विचारलं तर ती हळूच म्हणाली, 'मला सुई नको, पण बाईंनी सांगितलंय सगळ्यांनी घ्यायची'. तिथेच थांबलो. वजन-उंचीला ती तयार होती, प्रोटोकॉलमध्ये तेवढंच घ्यायची सोय होती, तेवढंच घेतलं. रक्ताच्या कॉलममध्ये 'असेंट नाही' असं लिहिलं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: शिक्षक खोलीबाहेर, मी खुर्चीवर नाही तर बाकावर मुलाच्या शेजारी, आणि 'समजलं का' असं कधीच विचारायचं नाही कारण त्याचं उत्तर 'हो' हेच येतं. त्याऐवजी म्हणायचं, 'आता घरी जाऊन तुझ्या ताईला सांगायचंय की आज काय होणार, तर काय सांगशील?' मूल जे सांगेल त्यावरून कळतं काय समजलं आणि काय नाही. बहुतेक वेळा मुलांना वाटत असतं की ही शाळेची तपासणी आहे, नाही केली तर मार्क जातील, हा गैरसमज तुम्ही स्वतःहून काढायचा. गप्प बसणं, हात मागे घेणं, सारखं दाराकडे बघणं, बाथरूमला जाऊन परत न येणं, हे सगळं 'नको' आहे. तोंडाने नको म्हणायची सवय आपल्याकडे मुलांना लावलेली नसते म्हणून ते आपण ओळखायचं. टार्गेट भरत नाहीये म्हणून सुपरवायझर कितीही ओरडला तरी.

मोजायचं कसं

वजन-उंची सोपी वाटते पण सगळ्यात जास्त चुका तिथेच. काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा, फरशी सपाट आहे का बघा, शाळेच्या जुन्या शहाबादीवर काटा हलतो. उंचीला टाचा, पार्श्वभाग, पाठ टेकलेली, नजर समोर, बूट-मोजे काढलेले, आणि मुलींचा अंबाडा किंवा डोक्यावर बांधलेली वेणी सोडवून. बीएमआय मोठ्यांच्या आकड्यांनी वाचू नका, मुलांसाठी वय आणि लिंगानुसार चार्ट असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या चार्टवर मोठेपणीच्या बीएमआय 23 (जादा वजन) आणि 27 (लठ्ठपणा) ला जुळणाऱ्या रेषा आखलेल्या आहेत, 25 आणि 30 नाही, कारण वर सांगितलं तेच, आपली शरीरं बारीक दिसून आतून चरबीची.

बीपीबद्दल जरा जास्त सांगते. एका कॅम्पला आमच्या टीमकडे एकच कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) होता, मोठ्यांचा. दिवसभर बारीक दंडांची मुलं, सगळ्यांचं बीपी छान कमी. एका जाड मुलाला मात्र तोच कफ जेमतेम पुरला, त्याचं बीपी भरमसाट. संध्याकाळी आकडे बघताना लक्षात आलं की आपण मुलांचं बीपी मोजलंच नाही, कफ मोजला. कफ मोठा असेल तर रीडिंग खोटं कमी येतं, लहान असेल तर खोटं जास्त. त्या दिवसाची सगळी रीडिंग बाद केली, का बाद केली ते लेखी नोंदवलं आणि परत गेलो. दंडाचा घेर टेपने मोजा, कफच्या आतल्या फुग्याची रुंदी त्या घेराच्या निदान 40 टक्के आणि लांबी 80 ते 100 टक्के पाहिजे. किमान तीन साइजचे कफ पिशवीत हवेत.

मग मूल कुठून आलंय ते बघा, मधल्या सुट्टीत कबड्डी खेळून आलेल्या मुलाचं बीपी लगेच घेऊन काही उपयोग नाही. तीन ते पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले (लहान मुलांचे पाय लोंबकळतात, खाली पाट नाहीतर दप्तर ठेवा), उजवा हात, हृदयाच्या पातळीवर, आणि मोजताना गप्पा नाहीत. 13 वर्षांपुढच्या मुलांना अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 2017 च्या गाइडलाइनमध्ये 130/80 आणि वर म्हणजे हायपरटेन्शन असं सोपं केलंय, त्याखालच्या वयाला वय, लिंग, उंचीचे तक्ते बघावे लागतात. पण एका दिवसाच्या रीडिंगवर कुणालाही 'बीपी आहे' म्हणायचं नाही. वेगवेगळ्या तीन भेटींत वाढलेलं असेल तरच.

हिमोग्लोबिनला रक्त बोटातून घेताय की शिरेतून हे प्रत्येक फॉर्मवर स्पष्ट लिहा. हे का महत्त्वाचं ते बघा: 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं होतं, 10 ते 19 वयाच्या मुलींत अ‍ॅनिमिया 40 टक्के निघाला, आणि 2019-21 च्या एनएफएचएस-5 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये बोटातल्या रक्तावर 15 ते 19 च्या मुलींत 59 टक्के. वयोगट वेगळे आहेत, इतर कारणंही आहेत, पण रक्त कुठून घेतलं हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. बोटातून घेताना मधलं किंवा अनामिका, टोकाच्या जरा बाजूला टोचा, पहिला थेंब पुसा आणि बोट पिळू नका, पिळलं की पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. हिवाळ्यात सकाळी मुलांचे हात गार असतात, आधी चोळून गरम करू द्या. 12 ते 14 वयात मुलगा-मुलगी दोघांनाही हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, 15 नंतर मुलींना 12 आणि मुलांना 13.

फास्टिंग शुगरचा किस्सा तर भाषेचाच आहे. 'उपवास करून ये' असं सांगितलं तर मूल साबुदाण्याची खिचडी खाऊन येतं, कारण आपल्याकडे उपवास म्हणजे तेच. 'उपाशी ये' म्हटलं तर चहा पिऊन येतं, कारण चहा म्हणजे काही खाणं नव्हे. म्हणून आदल्या दिवशी आईला फोन करून सांगायचं, 'रात्री जेवल्यावर सकाळी आम्ही सांगेपर्यंत पाण्याशिवाय काहीच नाही, चहा नाही, दूध नाही, बिस्कीट नाही, गोळी-चॉकलेट नाही', निदान आठ तास. आणि सकाळी 'उपाशी आहेस ना' असं न विचारता 'उठल्यापासून तोंडात काय काय गेलं' असं विचारायचं. खरं उत्तर येतं. रक्त घेऊन झालं की लगेच खायला द्या, केळं, पोहे काहीही, ते बजेटमध्ये आधीच धरा, रिकाम्या पोटी मुलं चक्कर येऊन पडतात.

खासगी प्रश्न

पाळी, तंबाखू-मावा, मिश्री, झोप, उदास वाटणं हे प्रश्न कॅम्पच्या रांगेत विचारायचे नसतात. वेगळी खोली नसेल तर झाडाखाली, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. मुलींना बाई विचारणारी असावी.

आणि 'तू जे सांगशील ते कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार झाल्याचं मुलाने सांगितलं तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार सांगितला तर मोठ्यांना सांगावंच लागतं. म्हणून सुरुवातीलाच खरं सांगा: 'तुझी उत्तरं मी गुप्त ठेवीन, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला मदत बोलवावी लागेल.' असा प्रसंग आला तर कुणाला फोन करायचा, जवळचा मानसोपचारतज्ज्ञ कोण, हे पहिल्या दिवसाच्या आधीच कागदावर लिहिलेलं पाहिजे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही. त्या मुलाला एकटं सोडायचं नाही, बाकीची रांग थांबली तरी चालेल.

काही सापडलं तर

वर्गात उभं करून 'हिचं रक्त कमी आहे' असं सांगणं बंद करा. रिपोर्ट बंद पाकिटात, पालकांच्या हातात, मराठीत, पुढे कुठे जायचं ते लिहिलेलं. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा तपासणीची आरबीएसके टीम, ग्रामीण रुग्णालय, यांच्याशी आधी बोलून ठेवा, नुसतं 'डॉक्टरला दाखवा' म्हणून कुणी जात नाही. एखादं मूल सांगतंय की सारखी तहान लागते, रात्री उठून लघवीला जावं लागतं, आणि महिन्याभरात कपडे सैल झालेत, तर पुढच्या व्हिजिटची वाट बघू नका, त्याच दिवशी शुगर तपासा आणि जास्त निघाली की त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. टाइप 1 डायबेटिसला उशीर परवडत नाही, जीव जाऊ शकतो. ट्रायलमध्ये कुणाला अ‍ॅडमिट करावं लागलं तर कारण काहीही असो, ताबडतोब इन्व्हेस्टिगेटरला कळवा, त्यांना 24 तासांत पुढे कळवावं लागतं. 'गोळीमुळे नसेल हो' हे ठरवणं तुमचं काम नाही.

नोंदी जागच्या जागी, पेनाने. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर पिशवीत ठेवूच नका. राहिलेला आकडा संध्याकाळी लॉजवर बसून अंदाजाने भरण्यापेक्षा रिकामा ठेवलेला शंभरपट बरा. मुलांचे फोटो, नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही, फॉर्मवर कोड नंबर, नाव-कोडची यादी कुलपात.

परत जायचं असतं

फॉलोअपला मुलं गळतात ती नाराज होऊन कमी आणि हरवून जास्त. दहावी झाली की तालुक्याला, बारावीनंतर पुण्या-मुंबईला, मुलींची लग्नं होऊन गाव बदलतं, मोबाइल नंबर तर दर वर्षी बदलतो. म्हणून पहिल्याच दिवशी तीन संपर्क घ्या: आईचा, एखाद्या नातेवाइकाचा जो गाव सोडणार नाही (किराणा दुकानवाला काका सगळ्यात खात्रीचा), आणि गावच्या आशाताईंचा. पण हे नंबर वापरायची परवानगी संमतीपत्रात घेतलेली हवी. आणि फोन फक्त काम असेल तेव्हाच करू नका, दहावीचा निकाल लागला की एक फोन करा.

स्टडी संपली की गावात जाऊन काय निघालं ते सांगून या. एकदा आम्ही असे गेलो होतो, शाळेच्या हॉलमध्ये चार्ट लावले, सोप्या मराठीत सांगितलं. संपल्यावर मागून एक आई आली, म्हणाली, 'ताई, रक्त नेणारे लई आले, सांगायला परत कोणी आलं नव्हतं'. तिची धाकटी पुढच्या टप्प्याच्या वयात बसत होती. तिने स्वतःहून विचारलं, हिचं नाव कधी घेणार. मी म्हटलं, आधी तिला विचारू.